पाणीपुरीचा पियानो

बोईसर, ५ ऑक्टोबर २०२५

ति. नर्मदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गणपतीपासून पत्र टाळतोय. रोज लिहायचं ठरवतो, नाक्यावर चहाला जातो आणि तिथेच कुणाशी तरी बोलत बसतो. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा.

वापीची नोकरी सोडली. ओरडू नको, दुसरी लागलीय, हितेशशेठच्या फर्निचरच्या शेडमध्ये. तारापूरच्या एका बंगल्यातून जुना पियानो आलाय, तीन पायांचा, आपल्या पडवीएवढा. झाकण उघडलं आणि सकाळचा पाव घशाशी आला. आत लेंड्या, वाळलेली पाल, आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरी नमदा कुरतडून उंदरांनी केलेली बाळंतपणं. तोंडाला रुमाल बांधून सगळं उपसलं. हाताला अजून वास येतो, भातसुद्धा चमच्याने खातो.

खरी घाण पुढे आहे. शेठला तो एका लग्नाच्या हॉलसाठी ‘नवा’ करायचाय. तारा तोडून पोट रिकामं करायचं, आत स्टीलचे डबे बसवायचे. झाकण उघडलं की पाणीपुरी. एकात रगडा, एकात चिंचेचं पाणी. वर पांढरा रंग, सोनेरी काठ, खाली निळे दिवे. पट्ट्या तेवढ्या ठेवायच्या, फोटोसाठी.

त्यात दसऱ्याला शेठने हत्यारांबरोबर त्याचीही पूजा केली आणि नारळ थेट आतल्या लोखंडी सांगाड्यावर फोडला. पाणी पट्ट्यांत उतरलं. पट्ट्या फुगून बसल्या, वर मुंग्या. ज्याचं पोट फाडायचं त्यालाच हळदकुंकू. तारा तोडायचं काम माझ्याकडे आहे, पुढच्या सोमवारी.

माया आटू देऊ नकोस.
तुझा मिथुन

घिवली, ९ ऑक्टोबर

चि. मिथुन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे उंदीर वाचून मी पुढ्यातलं ताट सारलं, मेल्या. पण त्या रगड्याची जास्त शिसारी आली. तारापूरचा म्हणजे तो पियानो त्या पारशी बानूबाईंचाच. लग्नाआधी मी त्यांच्या बंगल्यावर कामाला होते, त्याची धूळ मीच पुसायची. मागच्या पायावर मांजराच्या नखांचे ओरखडे हायत का बघ.

गेल्या महिन्यातच बाईंना भेटले. पुतण्यानं त्यांना सांगितलंय, पियानो दुरुस्तीला गेलाय, दिवाळीला येईल. त्याची जागा त्या रोज पुसून घेतात, तिथं कुणाला चप्पल ठेवू देत नाय. मेल्यानं विकून टाकला, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

नोकऱ्या सोडण्यात तू हुशार हायस. या वेळी पळू नको. तू पळालास तर दुसरा कुणी तोडेल. आणि नुसता पाव खाऊन राहू नको.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
आत्या

बोईसर, १३ ऑक्टोबर

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ओरखडे सापडले. पळालो नाही.

शेठला सगळं सांगितलं. दातातली सुपारी बोटाने काढत तो म्हणाला, की त्याचा व्यवहार पुतण्याशी झालाय, म्हातारीशी त्याचा काय संबंध. ते बोट त्याने पियानोलाच पुसलं. तेव्हापासून मला त्याच्या हातचा चहा जात नाही.

मी मधल्या पट्ट्या काढून उन्हात वाळवल्या, मुंग्या झाडल्या, परत बसवल्या. पाच-सहा वाजतात. आवाज घसा बसलेल्या माणसासारखा, पण आहे.

आज डबे आले. शेठने कटर माझ्या हातात दिला, मी खाली ठेवला. तर म्हणाला, तो स्वतःच तोडेल आणि मी उद्यापासून येऊ नये. आता तो हातमोजे शोधतोय, मी पियानोला टेकून हे लिहितोय. उठणार नाही. पुढे काय होईल माहीत नाही. रागावलीस तरी मला आपलाच समज.

तुझा मिथुन

ता. क. आत्ताच दारात रिक्षा थांबली. काठी टेकत एक पारशी म्हातारी उतरलीय, हातात शेडचा पत्ता, तुझ्या अक्षरातला. पियानो झाला का, असं विचारतेय. शेठने कटर पाठीमागे लपवलाय. बाईंनी बसायला स्टूल मागितलं, ते शेडमध्ये नाही. मग शेठनेच रगड्याचा डबा पालथा घातला, आपल्या रुमालाने पुसला आणि पियानोपुढे सरकवला.