शमा माझ्यापुढं थांबली त्याची हकीकत

सोलापूर, मंडपाच्या गोडाऊनमधून

तीर्थस्वरूप धोंडीराममामांना श्रीमंतचा लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी इकडं खुशाल आहे. तुमचा खोकला कसा आहे? काळी म्हैस धार देते का अजून रुसलेलीच आहे? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला शिव्या सुरू करता. पत्राला शिव्या दिल्या तरी ते पुढं चालूच राहतं. आधी एक विनंती. तुमच्या मोबाईलवर माझा व्हिडिओ आला असेल तर हे पत्र संपेपर्यंत उघडू नका. ‘एका जागी वर्षभर टिकून दाखव, मग अपेक्षाचं बघू,’ असं तुम्ही मला बांधावर बजावलं होतं. मी टिकलोय मामा. (रसवंती, टायरचं दुकान आणि बेकरी सोडली ती तुमच्या अटीच्या आधी, ती धरू नका.) बसलिंगप्पा मालकांच्या मंडपात खांब रोवण्यापासून लायटिंगपर्यंत सगळं आता मीच बघतो. पण एका व्हिडिओपायी तुम्ही लेक द्यायला नाही म्हणाल, ही धास्ती आहे. म्हणून खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

परवा आमचा मंडप एका मुशायऱ्याला होता. मुशायरा म्हणजे आपल्या भजनासारखंच. फक्त टाळ नसतात, आणि एकच ओळ दोनदा ऐकूनही लोकांचं पोट भरत नाही. दोनशे वर्षांमागं सोलापुरात मुंतजिर दखनी नावाचे मोठे उर्दू शायर होऊन गेले, त्यांच्या नावानं तो दरसाल भरतो. मी माळा लावत होतो आणि रिटायर बागवानसर माझी शिडी धरून मला त्यांचं सगळं चरित्र सांगत होते. (शिडी सोडतील या भीतीनं मी मध्ये बोललो नाही.) मुंतजिर म्हणजे वाट बघणारा. नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं, आणि ते खरंही केलं. तळ्यावर एक बाई एकदाच दिसली, तिच्यापायी जन्मभर गजला लिहिल्या, पण विचारलं कधीच नाही. त्यांच्या एका शेराचा अर्थ असा, की तुझ्या दारावर थाप मारायला हात उचलला आणि लाज वाटून कडीलाच सलाम करून माघारी आलो. मामा, कडीला सलाम! कडी वाजवायची की! पोटापाण्यासाठी ते लोकांच्या लग्नात सेहरा, म्हणजे नवरदेवाच्या कौतुकाची कविता, लिहून द्यायचे. शेवटी त्या बाईच्याच लग्नाचा सेहरा लिहायची पाळी आली. तोही लिहिला, असा की नवरदेवाला रडू आलं. आणि जेवण न करता घरी गेले. (जेवायला काय हरकत होती, हे मला अजून कळलं नाही.) माळा लावून झाल्या तरी मी शिडीवरून उतरलो नव्हतो.

आता मुद्द्याचं. मुशायऱ्यात शमा, म्हणजे मेणबत्ती, ज्याच्यापुढं ठेवतील त्यानं शायरी म्हणायची अशी रीत आहे. पंख्यानं विझते म्हणून मी बॅटरीवरची बनवली होती. ऐन रंगात ती लुकलुकायला लागली. मी वाकून स्टेजवर गेलो, हैदराबादच्या पाहुण्या शायरांशेजारी गादीवर बसलो आणि वायर दाबून धरली. त्यांची गजल संपली. त्यांनी डोळे मिटूनच शमा पुढं सरकवली, ती माझ्यापुढं. मी हात जोडले, मंडपवाला आहे म्हणालो. बागवानसर कानात म्हणाले, “शमा सामने आई तो पढ़नाइच पड़ता, बेटा.” मागून मालक ओरडले, “म्हण की रे काय तरी, पार्टी जुनी हाय आपली!” मामा, मला एकच कविता पाठ होती, तीही मीच जुळवलेली, पुढंमागं लागेल म्हणून:

सीनामाईच्या काठी उसाला आला तुरा,
अपेक्षाचं नाव घेतो, मंडप झाला पुरा.

अख्खा मंडप उठला. “मुकर्रर! मुकर्रर!” म्हणजे परत म्हण. परत म्हटली. (एकूण किती वेळा ते विचारू नका.) शायर शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफतात, त्यामुळं पाहुण्यांना वाटलं अपेक्षा हे माझंच नाव. त्यांनी मला मिठी मारली, गाव विचारलं, मी करमाळा म्हटलं, आणि त्यांनी माईकवरून सांगितलं, जनाब ‘अपेक्षा’ करमाळवी यांनी मैफल लुटली. बाकीचे सोलापूरकर, त्यांना उखाणा कळत नाही होय? ते पोट धरून हसत होते. मालक खूश आहेत. मी बिर्याणी दोनदा घेतली. झोपही चांगली लागली. लग्नाआधी चारचौघांत पोरीचं नाव घेणं चुकलंच, पण वाईट काही वाटत नाही, हे लपवणार नाही.

मामींना नमस्कार. थंडीत छाती शेकत जा.

तुमचा भाचा,
श्रीमंत

ता.क. मला गजला लिहिता येत नाहीत, तेव्हा वाट बघून माझा काही उपयोग नाही. अपेक्षा मला द्यायची की नाही ते कळवा. ‘बघू’ असं लिहू नका.

ता.क. दुसरा. अपेक्षानं बार्शीत कॉलेजात व्हिडिओ बघितला. म्हणाली, “नाव घेतलंस ते घेतलंस, आता आबांचा होकार घे.” (म्हणजे तुमचा.) चिडलेली वाटली नाही. माझ्या उखाण्याला तिनं चालही लावलीय म्हणते.

ता.क. तिसरा. मामी व्हय म्हणाल्या. राजाबाई आजी व्हय म्हणाली. हॉलची तारीख मालकांनी धरून ठेवलीय. तुमच्यावाचून काही अडत नाही असं मामींचं मत पडलं, पण मी म्हटलं, नको, मामांना विचारायला तर पाहिजे की.