दर रविवारी ऊन

सोमवार, १० नोव्हेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी बरा आहे, गुडघा कुरकुरतो पण चालतो, लाँड्री उघडी आहे. तूही बरा असशील, सूनबाई बऱ्या असतील. झाली विचारपूस. आता मुद्द्याचं बोलतो, कारण दोन दिवस डोकं इस्त्रीसारखं तापलंय.

काय तर म्हणे, "बाबा, यंदा तिकडे पाऊस लांबलाय म्हणतात, मग तुमच्याकडे दर रविवारी ऊन कसं?" आणि सोबत पुरावा म्हणून चिमणीच्या शाळेच्या तक्त्याचा फोटो. दूर राहणाऱ्या एका माणसाला दर रविवारी हवा विचारायची आणि त्याच्या नावापुढे चित्र चिकटवायचं. माझ्या रांगेत एक सूर्य, एक छत्री, आणि पुढे ओळीने सहा सूर्य. आजोबा वाळवंटात राहतात का, असं तिच्या बाईंनी विचारलं म्हणे.

अरे, सहा वर्षांच्या पोरीला असला अभ्यास देतंच कोण? आणि दिला तर दिला, त्यात साठी उलटलेल्या माणसाला कशाला ओढायचं? तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, आणि विषय हवा! निदान वाळलेले कपडे मोजायला सांगितलं असतं तर मोजून दाखवले असते.

तरी चिमणी दर रविवारी फोन करील असा सूनबाईंचा निरोप काकाकडून आल्यावर मी शिकलो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाई कपडे द्यायला येतात, त्यांना गळ घातली. मी इस्त्री फिरवायची आणि त्यांनी स्टुलावर बसून घोकून घ्यायचं. सनी, क्लाउडी, रेनी, विंडी, फॉगी. फॉगीपाशी एका डॉक्टरच्या शर्टाची कॉलर करपली. स्नोई शिकायला मी साफ नकार दिला. जे इथे पडतच नाही त्यासाठी दुसरी कॉलर जाळायची माझी तयारी नाही. मग ऋतू. समर, विंटर, ऑटम आणि स्प्रिंग. मी म्हटलं, "बाई, माझ्या धंद्यात ऋतू दोनच, कपडे वाळतात तो आणि वाळत नाहीत तो." बाई म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी!" आणि आपल्या चादरी उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या म्हणा परत.

पहिल्या रविवारी खरंच ऊन होतं. चिमणी म्हणाली, "आजोबा, हाऊ इज द वेदर?" मी म्हटलं, "सनी." ती हसली, ओके म्हणाली, बाय म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सनी म्हणत होतो.

दुसऱ्या रविवारी पाऊस होता. मी सरळपणे रेनी म्हटलं. त्यावर तिने भलंमोठं काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा रेनी म्हटलं. मग तिने हाक मारली, "डॅडी!" आणि पलीकडून आवाज आला, "बाबा?"

मी फोन ठेवला.

रेंज गेली असं तुला वाटलं असेल तर वाटू दे, असं मी ठरवलं होतं. पण आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? रेंज होती. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि इंग्रजी सोड, मराठीही येईना. त्या दिवशी कानाला खडा लावला. सनी म्हटलं की पोर दुसरं काही विचारत नाही आणि फोन तुझ्या हातात जात नाही. म्हणून दर रविवारी सनी. बाहेर छपरावर ताशा वाजतोय, मी एका कानात बोट घालून सनी. काल तर तुझं पत्र खिशात होतं, तरी तोंडातून सनीच निघालं. स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

आणि खोटं कशाला बोलू, त्यात माझा ताठाही होता. तू जायच्या आधी ते कपडे सुकवायचं यंत्र आणलंस तेव्हाचं आठवतं ना? तू म्हणालास, "बाबा, आपला धंदा ढगांच्या मर्जीवर कशाला?" आणि मी चार माणसांत म्हणालो, "ऊन आहे तोवर मला तुझ्या यंत्राचीही गरज नाही आणि तुझीही." तू बॅग उचललीस. मी दोरीवर चादर टाकत राहिलो, वळून पाहिलं नाही. म्हणून चिमणीने सनी ऐकलं की ते तुझ्याही कानावर जावं, म्हाताऱ्याचं अडलेलं नाही हे तुला कळावं, असं वाटायचं.

तर ऐक. इथे आज तेरा दिवस ऊन नाही. दोऱ्या दुकानात बांधल्यात, मी वाकून चालतो. कपड्यांना कुबट वास येतो. लॉजवाल्याने चादरी दोनदा परत पाठवल्या. दुसऱ्यांदा नुसता नाकाला रुमाल लावला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे सगळं मी तुझ्यापासून लपवलंही असतं. पण महिनाअखेर तो तक्ता वर्गात लागणार आणि चिमणीला उभं राहून त्यावर बोलायचंय, असं तू लिहिलंस. खोटं माझं आणि हसू तिचं होणार. ते मला सोसणार नाही. रोज संध्याकाळी कपडे कसे वाळले ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, तुला माहीत आहे. त्यावरून फोटोतले आठ आणि नंतरचे दोन, असे दहाही रविवार पाहिले. सोबतच्या कागदावर तारखा आहेत आणि पुढे इंग्रजी शब्द. अक्षर माझं, स्पेलिंग मास्तरीणबाईंनी तपासलंय. सनी दोन, क्लाउडी तीन, विंडी एक, रेनी चार. तिला म्हणावं, चित्रं बदल, आजोबा चुकले.

आणखी एक. ते यंत्र मी विकलं असं तुला काकाने सांगितलं होतं. मीच त्याला तसं सांगायला लावलं होतं. विकलेलं नाही. मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली सात वर्षं तसंच उभं आहे. गुरुवारी चादर काढली, पुसलं, प्लग लावला. दिवा लागला, मग सगळं ठप्प. बटणं अकरा आणि माहितीचं पुस्तक सगळं इंग्रजीत. मी शेवटपर्यंत बोट फिरवत गेलो, आपल्या ओळखीचा एकही शब्द त्यात नाही.

येत्या रविवारी मी चिमणीला खरं काय ते सांगेन. ती ते लांबलचक पुन्हा विचारेल, मला कळणार नाही आणि ती तुला हाक मारेल. मारू दे. फोन मी मागच्या खोलीत घेऊन बसलेला असेन. आधी कोणतं बटण दाबायचं ते सांग. सावकाश सांग, मला एकदा सांगून कळत नाही.

फोन ठेवणार नाही,
तुझा बाबा