साहेबांचा पांढरा खडा

गुरुवार, संध्याकाळ

ऑस्कर गेला. ॲमेझॉन नदीतली जात, ताटाएवढा मासा, आणि मेला वाघोलीच्या टँकरच्या पाण्याने.

मीच मारला. पाणी बदलताना आधी क्लोरीन घालवायचं औषध टाकायचं, हे मीच सगळ्यांना शिकवत फिरतो. आज पाइप टाकीत सोडला आणि डॉक्टरांचा फोन आला. "मालतीताईंच्या गाठीचा रिपोर्ट आलाय. उद्या सकाळीच दोघं या. आणखी कुणी जवळचं असेल तर त्यांनाही आणा." एवढंच. औषधाची बाटली शेजारीच होती, तशीच राहिली.

भूक लागली की ऑस्कर तळातला पांढरा खडा तोंडात धरून काचेवर आपटायचा. टक्. मग मालती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, साहेब बोलावतायत तुम्हाला!" आज खडा तळाशी आणि साहेब वर तरंगत.

आईने पाहिलं आणि हात जोडले. "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं रे. आता रिपोर्ट चांगलाच येणार बघ."

कसलं घेतलं? संकट आधी आलं, मासा मागाहून गेला. पण फोन आल्याचं घरात सांगणार कोण? मी?

मालतीने कितीतरी दिवसांनी बशीभर पोहे खाल्ले. मग हळूच विचारलं, "खरंच असं असतं का हो?"

खडा अजून तळाशीच आहे. मी त्याच्याकडेच बघत होतो. असल्या गोष्टींना जन्मभर हसत आलो.

"असतं," म्हणालो.

उद्या सकाळपर्यंत तरी असतं.