अडखळलं की पहिल्यापासून

४ जून
आज पुन्हा तेच! तिसऱ्याच ओळीत ठकीचं घोडं पेंड खायला लागलं. दहा वर्षांची झाली, अजून दगड फोडल्यासारखी वाचते. माझा नियम साधा आहे — जेवणाआधी एक पान मोठ्याने. अडखळलं की पहिल्यापासून. तोवर कुणीच जेवायचं नाही. सगळं गारढोण झालं. हे म्हणाले, "अगं, पोरीला भूक लागलीय." मग वाच की! मी रेडिओवर बातम्या वाचते. एवढ्या वर्षांत जीभ कधी अडली नाही. आणि माझ्या पोटी हे रत्न.

११ जून
शाळेने पिच्छा पुरवला म्हणून त्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. डिस्लेक्सिया, म्हणे! डोक्याचं चित्र काढून समजावत बसल्या. डाव्या कानामागे मेंदूचा एक भाग असतो, सरावाने तो शब्द बघताक्षणी ओळखायला लागतो. ठकीचा तो भाग वाचताना फारसा कामाला लागत नाही. दुसऱ्या भागांना राबवून ती प्रत्येक शब्द नव्याने जुळवते. "म्हणून दमते हो ती. बुद्धी छान आहे. तुम्हीच वाचून दाखवत जा."

मी वाचून दाखवू? आणि बाईसाहेब पाय पसरून ऐकणार! मेंदूबिंदू काही नाही, नुसते लाड.

बाहेर आल्यावर ठकीने विचारलं, "म्हणजे मी मठ्ठ नाही ना, आई?" म्हटलं, "पान वाचून दाखव, मग ठरवू." तोंड एवढंसं झालं तिचं.

१२ जून
वाचलं नाही. जेवली नाही.

१९ जून
ह्यांच्या बहिणीसमोर वाचायला लावलं. लाजेकाजेने तरी सुधारेल! आत्या फिसकन हसली. ठकीने पान टेबलावर ठेवलं आणि उठून गेली. रडलीसुद्धा नाही. निगरगट्ट!

माझंच डोकं ठणकतंय. स्टुडिओत आज उजवीकडचे शब्द पुसट दिसले. चष्मा बदलायला हवा.

२० जून
हे माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं, कटकट नाही.

८ जुलै
काल हॉस्पिटलमधून घरी आले. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अडला होता. डॉक्टरांनी वर्तमानपत्र समोर धरलं — नुसत्या मुंग्या! डोळे ठीक आहेत, म्हणाले. दिसतं, पण दिसलेलं त्या शब्द ओळखणाऱ्या भागापर्यंत पोचत नाही. लिहिणं मात्र शाबूत. म्हणजे मी हे लिहितेय, आणि वरची ओळ मलाच वाचता येत नाही! नोकरी गेल्यातच जमा. डॉक्टर म्हणे, "सरावाने थोडंफार येईल. एकेक अक्षर जुळवत."

देवा, मी काय करू?

९ जुलै
ताटं झाकलेली होती. ठकीने माझ्यापुढे पान ठेवलं. हे म्हणाले, "ठकी, नको गं." तिने ऐकलं नाही.

"वाच, आई. अडखळलीस की पहिल्यापासून."

कुणीच जेवलं नाही.