उतारावरचा गिअर

९ मार्च, रविवार

प्रिय पिस्टन,

तुझ्या ताईने ठेवलेल्या नावानेच लिहितो आहे, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने मी तुला कधी हाक मारलेली नाही. मी बरा आहे. तुझ्या आईंचा गुडघा कसा आहे? जिना टाळा म्हणावं. इकडे आपल्या जिन्यातला दिवा अखेर बदलला. ताईची झाडं जगली आहेत, एक सोडून. शेजारच्या ड्रायव्हरकाकांचं म्हणणं की मी त्याला पाणी जास्त घातलं. "अहो पाणीवाले, झाडाचाही नमुना तपासायला नेता की काय?" असं म्हणाले. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे म्हणून त्यांनी मला हे नाव दिलं, ते आता सुटत नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर मी दोन वाक्यांपुढे जात नाही, हे तुला माहीत आहे.

काका अजून दर रविवारी दहाला येतात. तुमचे वाद आठवतात त्यांना. तू गाडीचं बॉनेट उघडून उभा, काका टायरला टेकून, आणि ताई पायरीवर चहाचा कप घेऊन पंच. सकाळी इंजिन दहा मिनिटं तापवायचं की नाही. एसी बंद करून काचा उघडल्या तर पेट्रोल वाचतं की उलट जास्त जातं. महागाचं पेट्रोल घातल्याने गाडी जास्त पळते, असं तू म्हणालास तेव्हा काका म्हणाले होते, "गाढवाला बदाम घातले म्हणून त्याचा घोडा होत नाही." तू दोन रविवार त्यांच्याशी बोलला नाहीस. मी आत वर्तमानपत्र घेऊन बसायचो. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे मत नव्हतं. पण पान उलटत नव्हतो, ऐकत होतो.

सगळ्यात जुना वाद उताराचा. तू म्हणायचास, उताराला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, इंजिन हळू फिरतं, पेट्रोल वाचतं, साधं गणित आहे. तीस वर्षं बस चालवलेले काका म्हणायचे, "तुझ्या गणितात वळण कुठे आहे रे?" ताई कायम तुझ्या बाजूने. तूच तिला गाडी शिकवली होतीस.

म्हणून धरणाच्या उतारावर गाडीसकट ताई गेली, रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नाही असं मला सांगितलं गेलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द आला. आणि दुसऱ्या दिवशी, खोलीत सगळे बसले असताना, तुझ्या आईंच्या समोर मी म्हणालो, "यानेच शिकवलं होतं तिला. उताराला न्यूट्रल." त्या दिवसभरात मी तेवढंच बोललो. तू पाण्याचा पेला अर्धा ठेवून उठलास. दारात तुला चपला सापडत नव्हत्या, कोणीतरी त्या पुढे सरकवल्या. त्यानंतर तू आला नाहीस. मीही बोलावलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

मागच्या रविवारी काका म्हणाले, "पिस्टन परवा बसच्या रांगेत दिसला. लोकांना गाडी शिकवणं सोडलं म्हणे त्याने. गाडीला हातच लावत नाही, गोदामात नोंदी करतो. काय झालं हो त्याला?" मी म्हणालो, मला माहीत आहे काय झालं. आणि ते वाक्य त्यांना सांगितलं. त्या दिवशी ते खोलीत नव्हते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ टाचेने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "पाणीवाले, तुम्ही मला आधी विचारायचं होतं."

तीन वर्षांपूर्वी ताई त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली, काका, धरणाच्या उताराला माझ्या शेजारी बसा, एकदाचा निकाल लावू. चार वेळा उतरले दोघं. दोनदा न्यूट्रलमध्ये, दोनदा गिअरमध्ये. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की समोरच्या पडद्यावर पेट्रोलचा आकडा शून्यावर जायचा. न्यूट्रलमध्ये जात नव्हता. वळणावरही गाडी गिअरमध्येच ताब्यात राहिली. चौथ्यांदा खाली आल्यावर ताई म्हणाली, "पटलं. आजपासून न्यूट्रल बंद. पण पिस्टनला सांगू नका. मी तुमच्या बाजूला गेले हे कळलं तर तो रविवारी यायचा नाही." त्यानंतर दोन वर्षं ती पायरीवर बसून तुझी बाजू घेत राहिली आणि काका हरत राहिले. काका म्हणाले, "मला काय, मला चहा मिळत होता."

हे सांगताना ते हसले. मलाही हसू आलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

पिस्टन, इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. तुला वाटलं असतं की मला हे मागच्या रविवारी कळलं आणि मी आठवड्यात लिहिलं. तसं नाही. मला ते त्याच्याही आधी माहीत होतं.

विमा कंपनीचं पाकीट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. त्यात दोन कागद होते. एक गाडी तपासणाऱ्याचा. त्याने गिअरबॉक्स उघडून पाहिला होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, ब्रेक ठीक होते. दुसरा डॉक्टरांचा. मेंदूत रक्तस्राव झाला होता, वळणाच्या आधीच. तिला काही कळलं नसावं, असं त्यांनी लिहिलं आहे. ब्रेकची खूण नव्हती ती त्यामुळे. कोणाच्या शिकवण्याने नाही.

मी दोन्ही कागद वाचले, घडी घातली आणि तिच्या कपाटात तिच्या चष्म्याखाली ठेवले. सात आठवडे. रोज कामावर गेलो, डबा खाल्ला, कोणाला सांगितलं नाही. कारण विचारशील तर एवढंच सांगता येतं की तुझ्यावर राग होता तोवर मला रडावं लागत नव्हतं. राग सोडला की काय उरेल याची मला भीती वाटत होती. तू तिकडे गाडी सोडून बसला आहेस हे मला ठाऊक नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. ठाऊक नसणं हे काही कारण नाही.

काका गेल्यावर मी कपाट उघडलं आणि बराच वेळ रडलो. वाटलं होतं तेवढं ते कठीण नव्हतं. नंतर भूक लागली. छातीवरून कोणीतरी पोतं उतरवल्यासारखं वाटतं आहे, ते अजून तसंच आहे. ती घाबरली नव्हती. तू काही केलं नव्हतंस. या दोन गोष्टी मी दिवसातून बरेचदा मनात म्हणतो. आता तूही म्हणून बघ.

दोन्ही कागदांच्या प्रती सोबत आहेत. सावकाश वाच, पण वाच.

आमच्या प्रयोगशाळेत चुकीचा आकडा खरवडून काढत नाहीत. त्यावर एकच रेघ मारायची, बरोबर आकडा शेजारी लिहायचा आणि खाली सही करायची, म्हणजे चूक कोणाची होती ते दिसत राहतं. त्या दिवशी खोलीत आपण दोघं सोडून सहा जण होते. सहाही जणांना मी काल पत्रं टाकली. काय म्हणालो होतो, खरं काय होतं, आणि सात आठवडे कागद कोणी दाबून ठेवले, हे तिन्ही लिहिलं आहे. पहिलं पत्र तुझ्या आईंना. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, तेव्हा ते तूच वाचून दाखव. मोठ्याने, आणि मधलं काही न गाळता.

सही केली आहे.

चुकलेला,
तुझा भाऊजी