हळदीचे हात असलेली भिंत

उर्वशी,

तू शाळेत शिकवून घरी येशील तेव्हा मी आणि अण्णा कुक्षीच्या बसमध्ये असू. दिवाळीपर्यंत लेकीकडेच राहू. वरण कुकरमध्ये आहे. दूधवाल्या भियाला उद्यापासून अर्धाच लिटर सांग.

आम्ही चार दिवस मनावर गावी लग्नाला काय गेलो, तू मोबाईलवर बघून बघून देवघराची भिंत स्वतः रंगवलीस. छान रंगवलीस हो, एक डाग ठेवला नाहीस. त्या डागांत माझ्या सासूबाईंचे हात होते, माझेही होते. या घरात पाऊल टाकल्यावर सून त्याच भिंतीवर हळदीचे हात उमटवते, हे तुला मी सांगायचं? काल विचारलं तर म्हणालीस, "माई, बहुत गंदी दिख रही थी."

त्या भिंतीवर टांगलेलं तुझं ते दोरीच्या गाठींचं मॅक्रमे मी आज काढलं. कात्री लावली नाही. बसून एकेक गाठ सोडवली, सगळी सकाळ गेली. तू महिनाभर खपली होतीस ना त्यावर? दोरी मजबूत आहे. अण्णांची वळकटी बांधली, उरलेली गच्चीवर कपडे वाळत घालायला लावली.

चिरागने विचारलं तर त्याला भिंत दाखव. त्यावरचे शेवटचे हात तुझेच होते, तीन वर्षांपूर्वीचे. मी धरून उमटवले होते. तेही तूच पुसलेस. आता भिंतीच्या लेखी तू या घरात आलीच नाहीस. मीही तसंच धरून चालते.

चिरागची आई