भुसावळला उतरलेले खरे जावई

फैजपूर,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा सोमवार

श्री. प्रेमराजभाऊ यांस,

जीवरामचा हात जोडून नमस्कार. कमलताईंचे गुडघे आता कसे आहेत? मागच्या खेपेला दिलेलं तेल संपलं असेल तर कळवा, आणि संपलं नसेल तर ते लावायचं असतं एवढं त्यांना सांगा. कपाशीचं रान नांगरून झालं असेलच. इकडे ऊन असं आहे की केळीचे घड पानांत गुंडाळून ठेवलेत आणि आम्ही मात्र उघड्यावर फिरतो आहोत. बाकी देवाच्या कृपेनं सुखरूप.

परवा तुम्ही फोनवर नुसतं "बरं बरं" म्हणालात आणि ठेवलात, त्यावरून ओळखलं की तुमचे चिरंजीव आणि आमचे जावई हितेंद्रराव यांना भुसावळ स्टेशनवर आम्ही ताटकळत ठेवल्याची वार्ता पहूरला पोचली आहे. भाऊ, ती खरी आहे. पण ती अर्धीच पोचली असणार, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

याचं मूळ एआयमध्ये आहे. (हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या लताबाईंना वाटलं, कोणीतरी "ए आई" म्हणून हाक मारतंय. त्यांनी ओसरीतून "आले" असं उत्तरही दिलं.) माझं या एआयशी चांगलं जमतं. गेल्या पावसाळ्यात केळीच्या पानांवर ठिपके पडले, तेव्हा मोबाईलमधून त्याला फोटो दाखवला. ते म्हणालं, करपा दिसतोय, पण कृषी सहायकाला पान दाखवून खात्री करा. सहायकसाहेबांनी पान पाहिलं, करपाच निघाला, वेळेवर फवारणी झाली आणि बाग वाचली. चुकतंही ते. एकदा आमच्या केळीला त्यानं नारळ ठरवलं. पण चूक दाखवली की लगेच "आपलं म्हणणं बरोबर आहे, क्षमस्व" असं म्हणतं. भाऊ, इतकी वर्षं संसार केला, हे वाक्य मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं. दोन-तीनदा तर मी मुद्दाम चूक काढली.

आता दुसरी बाजू. शेजारच्या बेबाबाईंना एक दिवस त्यांच्या भूषणचा फोन आला. भूषण सुरतेला असतो. आवाज त्याचा, रडणंही त्याचंच. अपघात झालाय, मोबाईल फुटलाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय, ताबडतोब पैसे पाठव. बिचाऱ्या अनवाणी बँकेत धावल्या. तिथे जेवणाची सुट्टी होती, म्हणून त्या बाकावर रडत बसल्या, आणि तेवढ्यात खऱ्या भूषणचा फोन आला की आई, आखाजीला सांजोऱ्या करशील ना? (बँकेच्या जेवणाच्या सुट्टीचं कौतुक झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं.) आम्हाला आज हसू येतं, पण बेबाबाई त्यानंतर आठवडाभर गल्लीत भेटेल त्याला एकच विचारत होत्या. पोराचाच आवाज खोटा निघाला तर आईनं कोणावर विश्वास ठेवायचा?

मग बायकांसाठी पोलिसांचं एक व्याख्यान झालं. साहेबांनी सांगितलं की आजकाल थोडासा आवाज मिळाला तरी एआय हुबेहूब माणूस बोलवतं, तेव्हा घरात एक परवलीचा शब्द ठरवा. लताबाईंनी त्याच दिवशी आपल्या आवडत्या रश्श्याचं नाव शब्द म्हणून ठरवलं: डुबुकवडे. मला सांगितला, पुण्याला फोन करून आमच्या मोहिनीला सांगितला. जावयांना मात्र सांगितला नाही, कारण जावयाला परवलीचा शब्द विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, आणि तसला अपमान आमच्या घरात होत नाही, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत तो अपमान झाला.

त्या दिवशी आमच्या अंगणात ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा घाट होता. गल्लीतल्या बायका जमलेल्या, लताबाईंचे हात कोपरापर्यंत ज्वारीच्या चिकात. फोन वाजला, अनोळखी नंबर. बेबाबाईंनी बोटाच्या टोकानं स्पीकर चालू केला. "आई, मी हितेंद्र. ऑफिसच्या कामासाठी जळगावला निघालो होतो, म्हटलं आधी तुम्हाला भेटावं म्हणून तसाच पुढे भुसावळला येऊन उतरलो. माझा मोबाईल गाडीत पडून फुटला, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. नानांना गाडी घेऊन पाठवता का?"

आता तुम्हीच सांगा. मोबाईल फुटला, दुसऱ्याचा फोन, ताबडतोब मदत पाठवा! व्याख्यानात सांगितलेलं एकही लक्षण सुटलं नव्हतं. लताबाईंनी बायकांकडे असं पाहिलं, जणू वाघ आपण होऊन पिंजऱ्यात शिरलाय. त्यांनी परवलीचा शब्द विचारला. जावई म्हणाले, कसला शब्द? अंगणात कुजबुज झाली. मग त्यांनी विचारलं की लग्नात तुम्ही कशावरून रुसला होता? जावई म्हणाले, मी रुसलोच नव्हतो. "न रुसलेला जावई कोणी पाह्यला का वं?" बेबाबाई म्हणाल्या, आणि निकाल लागल्यातच जमा झाला. (खरं तर ते रुसले नव्हतेच. रुसवा तुमचा होता, बँडवरून. पण तो विषय आपण मिटवला आहे.)

तिकडे भर उन्हात ज्याचा फोन त्याला घाई, मागे गाड्यांच्या घोषणा. शेवटी हितेंद्रराव काकुळतीला येऊन म्हणाले, "आई, दुसऱ्या कोणाला माहीत नाही असं एक सांगतो. मोहिनीला दिवस गेलेत!"

लताबाई कडाडल्या, "मेल्या, माह्या लेकीले दिवस गेले तं मायले आधी मालूम पडीन का तुले?" आणि बेबाबाईंनी फोन कापला. अंगणात टाळ्या पडल्या.

त्याच भरात त्यांनी पुण्याला मोहिनीला फोन लावला. चोरटे आता कुठल्या थराला गेलेत बघ, तुझ्याबद्दल काय वाट्टेल ते बोलतात, असं सांगून झालं. मग मोहिनी हळूच म्हणाली, "त्यांनी सांगून टाकलं का गं? मी आखाजीला येऊन स्वतः सांगणार होते."

लताबाई होत्या तिथेच खाली बसल्या. पदराला सगळा चीक. हसत होत्या की रडत होत्या ते बायकांनाही कळेना. आधी कळलं ते दिवस गेल्याचं, आणि मग कळलं की जावयाला आपण मेल्या म्हटलं.

मी तेव्हा बागेत होतो. मला फोन आला, "लवकर भुसावळला जा, जावई उन्हात बसलेत." मीही सावध माणूस. मी शब्द विचारला. "डुबुकवडे, डुबुकवडे! कान फुटले का तुमचे?" अशा सुरात बोलायला अजून कोणतंही एआय शिकलेलं नाही, तेव्हा माझी खात्री पटली आणि मी पिकअप काढली.

हितेंद्रराव स्टेशनबाहेर रसवंतीच्या सावलीत बॅगेवर बसले होते. चेहरा उतरलेला. मला पाहून उठले आणि म्हणाले, "नाना, मी खराच आहे हो." मला भरून आलं. मी त्यांना पोटाशी धरलं, तर ते लाजले. गाडी यावल रोडला लागल्यावर त्यांना हसू फुटलं ते घर येईपर्यंत. दारात लताबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या, मागे सगळी गल्ली. बेबाबाईंनी जावयांचा दंड चिमटून पाहिला आणि "हाये, माणूसच हाये" असं जाहीर केलं. वरण-बट्टीवर लताबाईंनी तूप इतकं वाढलं की बट्ट्या दिसेनात. माफी त्यांनी तोंडानं मागितली नाही, तुपानं मागितली. जावयांनी ती तीन वेळा घेतली.

तेव्हा भाऊ, मनात काही ठेवू नका. ज्यानं माझी बाग वाचवली आणि ज्यानं बेबाबाईंना अनवाणी पळवलं, ती एकाच जातीची यंत्रं आहेत. पण त्या संध्याकाळी ओसरीवर जावई, चांदणं आणि आत लताबाईंचं गाणं गुणगुणणं, असं सगळं असताना मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

कमलताईंना नमस्कार. आपला,
जीवराम

ता. क. आत्ताच लताबाईंनी विचारलं, पत्रात दिवस गेल्याचं तर लिहिलं नाही ना? कारण आखाजीला येताना मोहिनी आधी पहूरला उतरून ती बातमी तुम्हाला स्वतः सांगणार आहे. एवढं लांब पत्र पुन्हा लिहिणं या वयात होणार नाही. तेव्हा ती सांगेल तेव्हा कृपया चकित व्हा. कमलताईंना जमेल, तुम्ही आरशासमोर थोडा सराव करा.

ता. क. दोन. खरं काम राहिलंच. पहिलं बाळंतपण फैजपूरला व्हावं अशी आमची इच्छा आहे, हितेंद्रराव पुणे म्हणतात. आम्ही दोघांनी मिळून एआयला विचारलं. त्यानं दोन्हीकडचे फायदे सांगितले, दोन्हीकडचे तोटे सांगितले, डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणालं आणि निर्णय तुमचा म्हणून मोकळं झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्हीकडे चालेल. म्हणजे आता दुसरी बाजू अजिबात ऐकून न घेता, ठाम आवाजात "फैजपूर" म्हणणारं कोणीतरी हवं. ते काम यंत्राला अजून जमत नाही. आपल्या नात्यात ते फक्त तुम्हाला जमतं.